बागेतल्या फुलांसाठी लेन्सची तुलना: आधी फुलाचा आकार ठरवा, मग लेन्स बदला

तुलना करायची म्हणून लोक एका जागी उभे राहतात. तिथूनच आधी ५० मिमी, मग १०० मिमी, मग झूम लावून त्याच फुलाचे फोटो काढतात आणि पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून निकाल देतात. पहिल्या फोटोत फूल नखाएवढं, दुसऱ्यात तळहाताएवढं. मग ठरतं काय, तर १०० मिमी जास्त शार्प आहे आणि तिच्यात मागचं सगळं छान विरघळतं. यात लेन्सची तुलना झालीच नाही. लहान दिसणारं फूल आणि मोठं दिसणारं फूल यांची झाली.

फुलाचा फोटो काढताना कुठे उभं राहायचं हे आधी ठरत नाही. फ्रेममध्ये फूल केवढं हवं, ते आधी ठरतं. तेवढं फूल मिळवायला प्रत्येक लेन्स आपल्याला वेगळ्या अंतरावर नेते, आणि त्या अंतरामुळे फुलाचा घाट, मागची पानं, अंगावर पडणारी सावली, सगळं बदलतं. बघायचं आहे ते हे. म्हणून खालची सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे: फ्रेममधला फुलाचा आकार कायम, लेन्स आणि अंतर बदलतं.

टप्पा १: फूल केवढं हवं ते आकड्यात लिहा

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रतिमा टिपणारी चिप. ‘फुल फ्रेम’, म्हणजे मोठा सेन्सर ३६ × २४ मिमी असतो. क्रॉप सेन्सर साधारण २३.६ × १५.६ मिमी, काही कंपन्यांचा त्याहून जरा लहान. सेन्सरवर उमटणाऱ्या प्रतिमेचा आकार भागिले फुलाचा खरा आकार, म्हणजे मॅग्निफिकेशन. दोन्ही सारखे असतील तर १:१.

आता फूल मोजा. दहा सेंटिमीटरची जास्वंद आडव्या फ्रेममध्ये वरपासून खालपर्यंत भरायची असेल, तर २४ भागिले १००, म्हणजे ०.२४. क्रॉप सेन्सरवर तर ०.१६ पुरतं. चार सेंटिमीटरच्या सदाफुलीला फुल फ्रेमवर ०.६ आणि क्रॉपवर ०.३९ लागतं. अडीच सेंटिमीटरचा मोगरा भरायचा झाला, तर फुल फ्रेमवर जवळजवळ १:१ गाठावं लागतं.

एवढा हिशेब केला की बऱ्याच जणांचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. जास्वंद, गुलाब, डेलिया, सूर्यफूल ही अख्खी फुलं काढायला मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोकस होणारी लेन्स लागतच नाही. ती लागते बारक्या फुलांना, किंवा मोठ्या फुलाच्या आत शिरायचं असेल तेव्हा: पुंकेसर, परागकण, पाकळीवरच्या शिरा.

तपासा: तुम्ही वर्षभरात काढलेले आवडते फोटो काढून बघा. त्यांत अख्खी फुलं किती आणि आतला तपशील किती? तुलना त्याच आकारावर करा. १:१ वर कोणती लेन्स जिंकते हे कळून उपयोग नाही, जर तुमचे दहातले नऊ फोटो पाव आकाराचे, म्हणजे ०.२५ चे असतील.

टप्पा २: प्रत्येक लेन्स पट्टीने मोजा

हा टप्पा घरात, टेबलावर करायचा. मिलिमीटरच्या खुणांची साधी पट्टी भिंतीला टेकवून आडवी उभी करा, कॅमेरा तिच्या अगदी समोर. लेन्स मॅन्युअल फोकसवर घ्या, फोकसची रिंग सर्वांत जवळच्या टोकाला फिरवून ठेवा आणि कॅमेराच पुढेमागे सरकवत आकडे स्पष्ट करा. फोटो काढा. फ्रेमच्या लांब बाजूला किती मिलिमीटर दिसतात ते वाचा. फुल फ्रेमवर ७२ मिमी दिसले, तर ३६ भागिले ७२, म्हणजे ०.५.

त्याच वेळी लेन्सच्या पुढच्या कडेपासून पट्टीपर्यंतचं अंतरही मोजून लिहा. लेन्सच्या माहितीपत्रकात दिलेलं किमान फोकस अंतर हे काचेपासून नसतं, सेन्सरपासून असतं. कॅमेऱ्याच्या वरच्या भागावर वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ अशी खूण दिसते, तिथून. मधे कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी दोन्ही जातात. त्यामुळे १०० मिमी मॅक्रोचं किमान अंतर ३० सेंमी लिहिलेलं असलं, तरी १:१ वर फूल आणि काच यांच्यात साधारण १३ ते १५ सेंमी उरतात. काही ६० मिमी मॅक्रोत जेमतेम पाचेक सेंमी. पाच सेंटिमीटरवर लेन्सची सावली फुलावर पडते, हूड काढावं लागतं, आणि शेजारची फांदी लेन्सला ढकलते.

इशारा: झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ छापलेलं असलं म्हणजे १:१ मिळतं असं नाही. अनेक झूममध्ये तो आकडा १:४ किंवा १:३ च्या आसपास असतो. छापलेल्या शब्दापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवा. झूम दोन्ही टोकांना वेगवेगळी मोजा.

५० मिमी एफ/१.८ सारखी लेन्स इथे बहुतेकांना निराश करते. अशा लेन्स साधारण ०.१५ ते ०.२१ वर थांबतात, म्हणजे फुल फ्रेमवर जास्वंदसुद्धा पुरती भरत नाही. उलट कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट झूम, १८-५५, ही काही मॉडेलमध्ये ०.३६ पर्यंत जाते. म्हणजे क्रॉप सेन्सरवर सदाफुली जवळजवळ भरते. ज्यांनी ती कपाटात टाकून दिली आहे, त्यांनी मोजून बघावी.

लेन्स कमी पडत असेल, तर दोन उपाय तुलनेत धरा. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधली पोकळ नळी. नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातला मिमीचा आकडा), एवढी भर पडते. ५० मिमीला १२ मिमीची ट्यूब लावली की ०.२४ ची भर. २०० मिमीला तीच ट्यूब लावली, तर फक्त ०.०६. क्लोज-अप लेन्स, म्हणजे पुढे बसवायची जोडभिंग, नेमकी उलटी वागते. लेन्स जितकी लांब तितका तिचा फायदा. +२ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) क्लोज-अप लेन्स ३०० मिमीवर, फोकस अनंतावर ठेवून, ०.६ देते, आणि फूल अर्ध्या मीटरवर राहतं. थोडक्यात, आखूड लेन्सला ट्यूब आणि लांब लेन्सला भिंग. अनेक जण उलटी जोडी लावून ‘काही फरक पडत नाही’ म्हणतात.

इशारा: विजेचे कॉन्टॅक्ट नसलेली स्वस्त ट्यूब घेतली, तर आजच्या बहुतेक लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. मग तुलना अपुरी राहते.

टप्पा ३: फूल आणि वेळ निवडा

जास्वंद दिसायला कितीही चांगली असली, तरी ती बहुधा एकाच दिवसाची पाहुणी. सकाळी उमललेली संध्याकाळी मिटायला लागते. तुलना दुपारपर्यंत लांबली, तर शेवटच्या लेन्ससमोर वेगळंच फूल असतं. चार-पाच लेन्स असतील तर झेंडू, शेवंती, सदाफुली अशी टिकाऊ फुलं घ्या. जास्वंदच हवी असेल तर लेन्स दोन किंवा तीनच ठेवा.

वेळ सकाळची, सूर्य उगवल्यानंतरची. तेव्हा वारा सहसा पडलेला असतो. त्याहून चांगला दिवस म्हणजे सलग ढग असलेला. उजेड तासभर तसाच राहतो. फूल सावलीत असेल, तर सावली सरकत सरकत फुलावर ऊन तर येणार नाही ना, हे आधी बघून ठेवा. माझ्या एका तुलनेत नेमकं हेच झालं. पहिल्या दोन लेन्स सावलीत झाल्या आणि तिसऱ्या लेन्सच्या वेळी एका पाकळीवर कवडसा आला. तिसरी लेन्स ‘जास्त कॉन्ट्रास्टची’ वाटली आणि मी तसं लोकांना सांगितलंही. ती तुलना पुन्हा केली, तेव्हा फरक उरला नाही.

देठाला फुलाच्या बऱ्याच खाली एक काडी रोवून सैल बांधा. फुलाच्या अगदी मानेशी बांधलं तर ते अवघडल्यासारखं दिसतं. पाकळीला बोट लावू नका, दवाचे थेंब झाडू नका. पहिल्या लेन्सला थेंब आणि दुसरीला कोरडं फूल, असं व्हायला नको.

टप्पा ४: कॅमेरा कुलूपबंद करा

तुलनेत लेन्स सोडून काहीही आपोआप बदलता कामा नये. त्यामुळे:

१. एकच कॅमेरा बॉडी. वेगळ्या मेगापिक्सेलच्या दोन बॉडींवर लेन्सची तुलना होत नाही.
२. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ बंद.
३. व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर किंवा एका प्रीसेटवर. झाडाखाली पांढऱ्या फुलावर पानांचा हिरवा उजेड पडतो. ऑटो ठेवलं की कॅमेरा दर वेळी वेगळी दुरुस्ती करतो आणि दोष लेन्सच्या रंगाला जातो.
४. रॉ फाइल. लेन्स करेक्शन सगळ्यांना चालू किंवा सगळ्यांना बंद.
५. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. सेटिंगमध्ये मेकॅनिकल शटर किंवा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन निवडा.

तपासा: हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, रंगांप्रमाणे वेगळा बघा. लाल फुलात एकत्रित हिस्टोग्राम सुरक्षित दिसतो, पण लाल चॅनेल उजव्या भिंतीला धडकलेला असतो. मग पाकळीवरच्या शिरा जातात आणि सपाट लाल ठिपका उरतो. फोटो बघणारा म्हणतो, लेन्स मऊ आहे. लेन्सचा संबंध नसतो. लाल आणि गडद गुलाबी फुलांना एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी करा आणि पुन्हा बघा. पांढऱ्या फुलाचं उलट असतं. मीटरचं ऐकलं तर पांढरं फूल राखाडी येतं, तिथे थोडं वाढवावं लागतं.

टप्पा ५: फोटो काढण्याचा क्रम

सर्वांत लांब लेन्सपासून सुरुवात करा आणि आखूडकडे या. लांब लेन्सला ट्रायपॉड दूर असतो, झाडाला धक्का लागत नाही. आखूड लेन्सच्या वेळी ट्रायपॉडचा पाय वाफ्यात येतो, पानं हलतात, थेंब पडतात. बिघडवणारं काम शेवटी.

१. पहिल्या लेन्सने फूल ठरलेल्या आकाराचं बसवा. फुलाच्या दोन टोकांच्या पाकळ्या पडद्यावरच्या ग्रिडच्या कोणत्या रेघांना टेकतात ते लिहून ठेवा.
२. फोकसची जागा एकच ठरवा आणि ती फुलावरच्या एखाद्या बिंदूवर असू द्या. जास्वंदीत मधून बाहेर आलेल्या दांड्याच्या टोकाला पाच बारीक गोंडे असतात. त्यांतला एक घ्या. ‘फुलावर फोकस’ ही जागा नव्हे.
३. लाइव्ह व्ह्यू जास्तीत जास्त मोठा करून मॅन्युअल फोकस करा. जवळच्या अंतरावर रिंग फिरवली की फुलाचा आकारही बदलतो. म्हणून आकार रिंगने ठरवा आणि फोकस कॅमेरा पुढेमागे सरकवून आणा.
४. प्रत्येक अ‍ॅपर्चरला तीन फोटो. वाऱ्याने एखादा जातोच.
५. लेन्स बदला, ट्रायपॉड पुढे आणा, उंची आणि कोन तोच ठेवून फूल त्याच रेघांना टेकवा.
६. सगळ्या लेन्स झाल्या की पहिली लेन्स पुन्हा लावा आणि पुन्हा फोटो काढा.

शेवटची पायरी जवळजवळ कोणी करत नाही, आणि सगळा भरवसा तिच्यावरच असतो. पहिल्या लेन्सचे सुरुवातीचे आणि शेवटचे फोटो एकमेकांशी जुळले, तर मधे उजेड आणि फूल बदललेलं नाही. जुळले नाहीत, तर तुलना रद्द.

टप्पा ६: अ‍ॅपर्चर किती आणि का

प्रत्येक लेन्सला तीन अ‍ॅपर्चर पुरेत: तिचं सर्वांत मोठं (म्हणजे एफचा सर्वांत लहान आकडा), एफ/५.६ आणि एफ/८. मुळात एफ/५.६ वरच उघडणाऱ्या झूमला अर्थातच दोन.

इथे एक गैरसमज सगळ्यांत चिवट आहे: ‘लांब लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसच्या पुढेमागे स्पष्ट दिसणारा पट्टा, कमी असते’. एका जागी उभं राहून लेन्स बदलली तर तसं दिसतं. पण फुलाचा आकार तोच आणि अ‍ॅपर्चर तेच असेल, तर ५० मिमी आणि २०० मिमी यांची डेप्थ जवळजवळ सारखीच येते. ती मॅग्निफिकेशनवर आणि अ‍ॅपर्चरवर ठरते. फुल फ्रेमवर एफ/८ ला अंदाजे: पाव आकारावर एक सेंटिमीटर, अर्ध्या आकारावर तीन मिलिमीटर, १:१ वर एकच मिलिमीटर. जास्वंदीचा दांडा पाच-सहा सेंटिमीटर पुढे येतो. समोरून काढलेल्या फोटोत त्याचं टोक आणि मागच्या पाकळ्या एकदम स्पष्ट येणार नाहीत, कोणतीही लेन्स आणा. बाजूने काढा, दांडा सेन्सरला समांतर ठेवा, म्हणजे तो अख्खा स्पष्ट येतो.

मग एफ/२२ का नको? १:१ वर अ‍ॅपर्चर लिहिल्याच्या दुपटीसारखं वागतं. एफ/८ चा उजेड एफ/१६ एवढाच उरतो, दोन स्टॉप जातात. काही कॅमेरे हा बदललेला आकडा दाखवतात, काही दाखवत नाहीत. एफ/१६ लावलं, तर प्रत्यक्षात एफ/३२ सारखं, आणि मग डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळ्याच लेन्स सारख्याच मऊ दिसतात. एफ/२२ वर केलेल्या तुलनेत भारी लेन्स आणि साधी लेन्स एकाच मापाच्या ठरतात, ते यामुळे.

टप्पा ७: पार्श्वभूमी वेगळी तपासा

डेप्थ सारखी आली तरी मागचं सगळं वेगळं दिसतं, आणि फुलांच्या फोटोत माझ्या मते लेन्स निवडावी ती याच कारणासाठी. लांब लेन्सचा कोन अरुंद. ५० मिमीच्या फोटोत मागे कुंपण, पाण्याची नळी आणि शेजारचं रोप येतं. २०० मिमीत त्या दृश्याची पाव रुंदी येते. एकाच हिरव्या पानाचा तुकडा मागे पसरतो, जास्त धूसर होतो आणि शांत दिसतो. फोटो काढताना नुसतं दहा सेंटिमीटर डावीकडे सरकलं की लांब लेन्समध्ये मागचा रंगच बदलतो. आखूड लेन्समध्ये कुंपण तिथेच राहतं.

दोन चाचण्या करा. एकदा मागची झाडी फुलापासून दोन मीटरवर, एकदा अर्ध्या मीटरवर. पहिलीत सगळ्याच लेन्स गोड वाटतात. खरी परीक्षा दुसरीत होते. गवताच्या काड्यांना दुहेरी कडा येतात का, पानांतून झिरपणाऱ्या उजेडाचे ठिपके गोल राहतात की कोनेदार होतात, त्यांच्या आत कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसतात का, हे बघा.

अंतराचा फुलाच्या घाटावरही परिणाम होतो. पाव आकाराची जास्वंद ५० मिमीने (गरज पडल्यास ट्यूब लावून) काढायला लेन्स साधारण २५ सेंटिमीटरवर येते, २०० मिमीने मीटरभर लांब राहते. पुढे आलेलं दांड्याचं टोक ५० मिमीत पाकळ्यांच्या मानाने जवळपास एक तृतीयांश मोठं दिसतं, २०० मिमीत जेमतेम सहा टक्के. २४ मिमीने काढलं तर टोक दुपटीएवढं होऊन अंगावर येतं. कधी हेच हवं असतं, पण ते ठरवून हवं.

टप्पा ८: पडद्यावर वाचन

फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून कोपरे बघू नका. फूल सपाट नाही. कोपऱ्यातली पाकळी मागे वळलेली असते, ती फोकसच्या बाहेर आहे म्हणून अस्पष्ट आहे. तीन जागा बघा: फोकसचा ठरलेला बिंदू, पांढऱ्या किंवा उजळ पाकळीची गडद पार्श्वभूमीवरची कड, आणि मागचे उजेडाचे ठिपके.

कडेवर रंगीत झालर दिसते का बघा. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या ५० मिमी लेन्समध्ये फोकसच्या पुढच्या कडेला जांभळट आणि मागच्या कडेला हिरवट झाक येते. एफ/४ किंवा एफ/५.६ ला ती बरीच कमी होते. पांढरी फुलं काढणाऱ्यांनी ही गोष्ट जड मानावी. लाल-पिवळी काढणाऱ्यांना ती क्वचितच जाणवेल.

इशारा: फाइलची नावं झाकून बघा. कोणती लेन्स महाग आहे हे माहीत असलं की डोळा तिच्याच बाजूने निकाल देतो. दुसऱ्या कोणाला तरी नावं बदलायला सांगा.

टप्पा ९: हातात धरून दहा फोटो

ट्रायपॉडवर जिंकलेली लेन्स बागेत हातात धरून हरू शकते. प्रत्येक लेन्सने हातात धरून, एक दोनशे पन्नासांश सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरवर, दहा दहा फोटो काढा आणि किती स्पष्ट आले ते मोजा. जवळच्या अंतरावर स्टॅबिलायझेशनची ताकद घटते. तिथे हात थरथरण्यापेक्षा अंगाचं पुढेमागे झुलणं जास्त नडतं आणि ते बहुतेक स्टॅबिलायझेशनच्या आवाक्यात नसतं. जमिनीलगतच्या फुलांसाठी वाकून, गुडघ्यावर बसूनही बघा. जड १८० मिमी मॅक्रो त्या अवस्थेत तिसऱ्या मिनिटाला खाली येते.

निकाल कसा लावायचा

अख्खी मोठी फुलं आणि शांत पार्श्वभूमी हवी असेल, तर ७०-३०० झूम आधी नीट वापरून बघा. ३०० मिमीवर ती बहुधा पाव आकारापर्यंत जाते, तेवढं जास्वंदीला पुरतं, आणि क्लोज-अप भिंग लावलं की सदाफुलीपर्यंत पोचते. बारकी फुलं आणि आतला तपशील नेहमीचाच असेल, तर ९० ते १०५ मिमीची मॅक्रो घ्या. बागेसाठी एकच लेन्स ठेवायची झाली तर मी हीच ठेवेन, कारण तिचं अंतर पुरेसं असतं आणि ती हातात पेलते. क्रॉप सेन्सरवर ६० मिमी मॅक्रो हलकी आणि चांगली, मात्र १:१ वर तिची सावली सांभाळावी लागते. १५० ते २०० मिमीच्या मॅक्रो ट्रायपॉड घेऊन निघणाऱ्यांसाठी. वाइड लेन्स फुलासोबत अख्खा वाफा दाखवायचा असेल तेव्हाच.

५० मिमी आणि ट्यूब ही जोडी शिकायला उत्तम. तिच्यातला अडथळा एकच: ट्यूब लावली की दूरचं काहीच फोकस होत नाही. फुलावरून नजर उचलून फांदीवरच्या पक्ष्याकडे कॅमेरा वळवला, तर ट्यूब काढेपर्यंत पक्षी गेलेला असतो.

दोन लेन्समध्ये नावं झाकून फरक सांगता येत नसेल, तर जी आधीपासून तुमच्याकडे आहे तीच ठेवा.